टेलपर्यंत न पोहोचणारा उजेड

जुन्या मोटारीचा मागचा दिवा मंद जळू लागला की पहिला उपाय सुचवला जातो तो बल्ब बदलण्याचा आणि दुसरा अधिक वॅटचा बल्ब बसवण्याचा. परंतु बहुतेक वेळा दोष बल्बमध्ये नसतो, तो बल्बपर्यंत येणाऱ्या आणि बल्बपासून परत जाणाऱ्या विजेच्या वाटेत असतो. बॅटरीतून निघालेली वीज फ्यूज, डॅशबोर्डवरील स्विच, गाडीच्या संपूर्ण लांबीभर गेलेली तार आणि मधले कित्येक जोड ओलांडून मागच्या टोकाला पोहोचते, तेथे बल्बमधली बारीक तार तापवून उजेड पाडते आणि मग गाडीच्या पत्र्यातून व चासीतून बॅटरीकडे परतते. या प्रवासात प्रत्येक गंजलेला जोड विजेचा थोडा थोडा दाब, म्हणजे व्होल्टेज, खाऊन टाकतो आणि सर्वांत लांबच्या दिव्याच्या वाट्याला सर्वांत कमी उरते.

हिंगोली जिल्ह्यातील वाचकाला हे समजावून देण्यासाठी कालव्याचा दाखला सर्वांत जवळचा ठरेल. पूर्णा नदीवरील येलदरी आणि सिद्धेश्वर या धरणांच्या पाण्यावर वसमत परिसरातील बरीचशी बागायत उभी आहे, आणि कालव्याच्या अखेरच्या टोकाला पाटबंधारे खाते व शेतकरी दोघेही ‘टेल’ असेच म्हणतात. धरणात पाणी असूनही टेलच्या वाफ्यापर्यंत ते पोहोचत नाही, तेव्हा कोणी धरणाची उंची वाढवा असे म्हणत नाही. चारीत साचलेला गाळ काढला जातो, वाढलेले गवत उपटले जाते आणि मगच पुढचा विचार होतो. मोटारीच्या टेल लाइटची तक्रार याच जातीची आहे. फरक एवढाच, की शेतात गेलेल्या पाण्याला परत यावे लागत नाही, पण विजेची परतीची वाट अडली तर येणारी वीजही अडते. आणि जुन्या गाड्यांत नेमकी हीच परतीची वाट सर्वांत दुर्लक्षित राहिलेली असते.

या परिसरातील जुन्या गाड्यांची ओळख त्यांच्या नंबरप्लेटवरूनही पटते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला आणि येथील वाहनांना एमएच ३८ ही मालिका मिळाली. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्याने पद्मिनी मोटारीचे उत्पादन हा जिल्हा झाल्यावर अल्पावधीतच थांबवले. म्हणून येथे पहिल्यापासून राहिलेल्या पद्मिनीच्या पाटीवर बहुधा परभणीचा एमएच २२ किंवा त्याहूनही जुना क्रमांक असतो. इटलीच्या फियाट ११०० या गाडीवरून घडलेली आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने ओळखली जाणारी ही मोटार, १९५७ च्या सुमारास रस्त्यावर आलेली आणि २०१४ पर्यंत बनत राहिलेली हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसिडर आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून महिंद्राने देशात जुळणी करून विकलेली विलीज जीप या तीन गाड्या ग्रामीण महाराष्ट्राच्या अर्धशतकाच्या सोबती आहेत. मुंबईतील शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस टॅक्सीसेवेतून निवृत्त झाली. पण गावोगावच्या वाड्यांत, गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये घरची माणसे जपत असलेल्या गाड्या अजून आहेत, आणि लग्नसराईत किंवा दसऱ्याला त्या बाहेर निघतातही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या आणि इंजिन, चासी व सांगाडा यांत मोठे फेरफार न झालेल्या खासगी गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते; १९७४ ची पद्मिनी या हिशेबाने २०२४ मध्येच पन्नाशीला पोहोचली.

या गाड्या ज्या काळात घडल्या, त्या काळचे रस्ते आणि वेग वेगळे होते. आज अकोला–वाशीम–हिंगोली–नांदेड हा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जिल्ह्यातून जातो, आणि त्यावरून ऐंशीच्या वेगाने मागून येणाऱ्या ट्रकच्या चालकाला पुढे पन्नासने चाललेली गाडी वेळेवर दिसणे हे सर्वस्वी त्या गाडीच्या मागच्या दोन छोट्या दिव्यांवर अवलंबून असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०५ व्या नियमाने या दिव्याची अपेक्षा स्पष्ट केली आहे: मागचा लाल दिवा १५५ मीटर अंतरावरून दिसला पाहिजे आणि नंबरप्लेटवर पांढरा उजेड पडून ती १५ मीटरवरून वाचता आली पाहिजे. पुढचे दिवे मालकाला रस्ता दाखवतात, त्यामुळे ते मंद झाले की त्याच्या लगेच लक्षात येते. मागचा दिवा मात्र त्याला गाडीत बसून कधीच दिसत नाही, आणि म्हणून वर्षानुवर्षे मंदावत गेलेल्या दिव्याची दखल घेणारे घरात कोणीच नसते.

थोडासा दाब कमी झाल्याने एवढे काय बिघडते, असे वाटू शकते. परंतु तापलेल्या तारेवर चालणाऱ्या बल्बचा स्वभाव दाबाच्या बाबतीत अत्यंत हळवा आहे. दाब जितका घटतो त्याच्या कितीतरी पटीने उजेड घटतो, कारण तार थोडीशी जरी थंड झाली तरी तिच्यातून बाहेर पडणाऱ्या ऊर्जेपैकी उजेडाचा वाटा झपाट्याने कमी होतो आणि उरते ती केवळ उष्णता. बल्बला साडेतेरा व्होल्टऐवजी ११ व्होल्ट मिळाले, म्हणजे दाब जेमतेम पाचव्या हिश्श्याने उतरला, तर त्याचा एकूण उजेड साधारण निम्म्यावर येतो. त्यात लाल काच त्या उजेडाचा बराचसा भाग आधीच गाळून टाकत असल्याने मागून येणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत पोहोचणारा अंश किती तुटपुंजा असेल, याची कल्पना करता येते.

हा दाब जातो कोठे, याचा शोध परतीच्या वाटेपासून सुरू करावा. जुन्या गाड्यांत प्रत्येक बल्बला दोन तारा दिलेल्या नसतात. एक तार वीज आणते आणि परत नेण्याचे काम गाडीचा पत्राच करतो, ज्याला गॅरेजमध्ये ‘बॉडी अर्थ’ किंवा नुसते ‘अर्थ’ म्हणतात. दिव्याचे धातूचे घर दोन-तीन स्क्रूंनी पत्र्याला आवळलेले असते आणि सारी वीज त्या स्क्रूंच्या आट्यांमधून परतते. आता गाडीचे डेंटिंग-पेंटिंग होते, दिवे उतरवले जातात, पत्र्यावर लांबी आणि रंगाचे नवे थर चढतात, दिव्याखाली नवे कोरे रबर बसते आणि स्क्रू पुन्हा त्याच भोकांत, पण आता रंगाच्या पापुद्र्यावर, आवळले जातात. रंग आणि रबर दोन्ही विजेला अडवणारे. त्यामुळे वर्षभर खपून, हजारो रुपये ओतून नव्यासारख्या केलेल्या गाडीचे मागचे दिवे पूर्वीपेक्षाही मंद जळताना दिसतात, आणि मालक बिचारा पुन्हा पुन्हा बल्ब बदलत राहतो.

अर्थ बिघडल्याची एक खूण अशी आहे की ती एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. ब्रेक दाबला की मागचा दिवा उजळण्याऐवजी आणखी मंदावतो, किंवा इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवा त्याच तालावर धडधडू लागतो, आणि सारे दिवे एकमेकांत गुंतल्यासारखे वागतात. याचे कारण असे, की परतीची सरळ वाट बंद झालेली वीज शेजारच्या बल्बच्या तारेतून उलटी शिरून दुसऱ्या दिव्याच्या वाटेने बॅटरीकडे जाऊ पाहते. अशा गाडीत कोणताही बल्ब बदलून उपयोग होत नाही.

दुसरी जागा बल्बच्या होल्डरची. ती ओळखण्यासाठी स्वयंपाकघरातला अनुभव पुरेसा आहे: कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक किंवा चिंच घातलेले वरण राहिले की ते कळकते आणि भांड्याला हिरवट थर धरतो. जुन्या होल्डरची वाटी पितळी असते, वरचा मुलामा कालांतराने जातो, पावसाळ्यातली ओल आत शिरते आणि तोच हिरवट-पांढरा थर बल्बच्या बुडाशी आणि तळाच्या स्प्रिंगवर बसतो. हा थर वीज नीट वाहू देत नाही. बारीक पॉलिश पेपरने होल्डरची आतली भिंत आणि तळाचा ठिपका पितळ चमकेपर्यंत घासावा, ढिली पडलेली स्प्रिंग बदलावी आणि कोरडे झाल्यावर पेट्रोलियम जेलीचे अगदी पातळ बोट फिरवावे. भांडी ज्या चिंचेने किंवा लिंबाने लखलखीत होतात ती येथे मात्र वापरू नयेत, कारण भांडे नंतर भरपूर पाण्याने धुता येते, होल्डर तसा धुता येत नाही, आणि फटीत राहिलेले आम्ल पुढच्या पावसाळ्यापर्यंत उरलेले पितळ खात बसते.

अंदाजावर न राहता मोजून पाहण्याचे साधन आता गावोगावच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. डिजिटल मल्टिमीटर २० व्होल्टच्या डीसी मापावर ठेवून, दिवा चालू असताना, त्याची एक सुई बल्बच्या पितळी बुडाला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावली असता आकडा जवळपास शून्य यायला हवा, ०.२ व्होल्टपर्यंत चालून जाते, त्याहून जास्त आला तर तेवढा दाब परतीच्या वाटेत वाया जात आहे असे समजावे. येण्याची वाट अशीच, बॅटरीच्या धन टोकापासून बल्बच्या तळापर्यंत, तपासता येते. मोजताना दिवा जळत असणे आवश्यक आहे. वीज वाहतच नसेल तर सडलेला जोडही मीटरवर निर्दोष दिसतो. ब्रेकचे दोन बल्ब प्रत्येकी २१ वॅटचे, मागचे दोन ५ वॅटचे आणि नंबरप्लेटचा ५ वॅटचा असे ५७ वॅट एकाच सामाईक अर्थवर असतील, आणि त्या अर्थचा विरोध अवघा अर्धा ओहम असेल, तरी सुमारे दोन व्होल्ट तेथेच संपतात. अर्धा ओहम म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही एवढा गंज.

उपायही तितकाच साधा आहे. प्रत्येक दिव्याच्या घराला अडीच चौरस मिलिमीटर जाडीची स्वतंत्र तार सोल्डर करून किंवा रिंग टर्मिनलने आवळून ती चासीवर रंग खरवडून उघड्या केलेल्या जागी दातेरी वॉशरखाली पक्की बसवावी, आणि इंजिन, चासी व बॅटरी यांना जोडणारी जाळीदार पट्टी एकदा उघडून घासून घ्यावी. जुन्या गाडीवर करता येणाऱ्या कामांपैकी खर्चाच्या मानाने एवढा गुण देणारे दुसरे काम क्वचितच असेल, आणि गाडीच्या मूळ रूपाला यात तिळभरही धक्का लागत नाही.

येण्याच्या वाटेवर दोष सापडला तर संशय बहुधा स्विचवर जातो. गाडीच्या सर्व दिव्यांचा भार वाहून डॅशबोर्डवरील स्विचचे आतले ठिपके जळून खडबडीत होतात, आणि अनेक जुन्या गाड्यांत ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणारा ब्रेक लाइटचा स्विचही कालांतराने असाच झिजतो. येथे रिले उपयोगी पडतो. रिले म्हणजे थोड्याशा विजेने चालणारा चुंबकी दरवाजा. जुन्या स्विचने केवळ हा दरवाजा उघडायचा आणि दिव्याची खरी वीज बॅटरीतून, स्वतंत्र फ्यूजमार्गे, जाड तारेने थेट मागे न्यायची. सुरुवातीच्या विलीज जीपमध्ये ६ व्होल्टची व्यवस्था होती आणि तेथे ही सारी काळजी अधिकच लागते, कारण तेवढ्याच वॅटसाठी दुप्पट प्रवाह वाहतो, तोच गंज दुप्पट दाब खातो, आणि मुळात दाबच निम्मा असल्यामुळे नुकसानीचे प्रमाण चौपट होते. ज्या गाड्यांत अजून डायनॅमो आहे, त्यांत इंजिन मंद फिरत असताना दिवे केवळ बॅटरीवर जगतात; रेस वाढताच दिवे उजळत असतील तर तो दोष मागच्या दिव्याचा नाही, वीज पुरवणाऱ्या यंत्रणेचा आहे.

वीज पुरेशी पोहोचू लागली की मग दिव्याच्या आत डोकवावे. लाल काच उतरवली असता आत एक चकचकीत वाटी दिसायला हवी, जिला रिफ्लेक्टर म्हणतात आणि जी बल्बच्या मागे-बाजूला जाणारा उजेड गोळा करून मागच्या दिशेने फेकते. मराठवाड्याच्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. कडक होऊन तडकलेल्या रबराच्या फटीतून ती आत जाते, दमट हवेत भिंतीला चिकटते आणि वाटीचा रंग राखेसारखा करून टाकते. बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीत कुंभारीण माशीने बांधलेले मातीचे घरटेही सापडते, नीटनेटके, बोटाच्या पेराएवढे, नेमके बल्बच्या मागे. वाटी कोमट साबणपाण्याने आणि मऊ फडक्याने, न घासता, टिपून स्वच्छ करावी, कारण जुना चंदेरी थर फडक्याबरोबर निघून येण्याइतका नाजूक असतो. थर गेलाच असेल तर चकचकीत पांढरा किंवा आरशासारखा चंदेरी रंग मारावा. साध्या राखाडी ‘सिल्व्हर’ रंगापेक्षा शुभ्र पांढरा रंग पुष्कळदा अधिक उजेड परत देतो, ही गोष्ट पेंटरलाही आवर्जून सांगावी लागते. लाल काचही उन्हाने आतबाहेरून धुरकटते. प्लास्टिकची असेल तर पाण्यात भिजवलेल्या अतिबारीक पॉलिश पेपरने आणि मग पॉलिशने तिची पारदर्शकता बरीच परत मिळते.

बल्बचा विचार एवढे झाल्यावर करावा, आणि तेव्हा तो चांगल्या प्रतीचा नवा घ्यावा, कारण जुन्या बल्बच्या काचेवर आतून टंगस्टन धातूचा काळपट थर बसलेला असतो आणि हलक्या प्रतीच्या बल्बमध्ये तार वाटीच्या मध्यबिंदूवर येतच नाही. मागच्या आणि ब्रेकच्या दिव्यासाठी एकच दुहेरी तारेचा बल्ब असेल तर त्याच्या बुडाच्या दोन पिना मुद्दाम कमीजास्त उंचीवर दिलेल्या असतात. जोर करून तो उलटा बसवला की ५ वॅटची तार ब्रेकला आणि २१ वॅटची तार कायम जळायला लागते. मग दिवा चांगला प्रखर दिसतो खरा, पण ब्रेक दाबल्यावर मागच्याला काहीच कळत नाही.

येथेच सर्वांत गंभीर गैरसमज दडलेला आहे. मागचा दिवा जितका प्रखर तितका चांगला, ही समजूत घातक आहे. युरोपातील नियमांत मागच्या दिव्याची तीव्रता किमान ४ कँडेला आणि ब्रेकच्या दिव्याची किमान ६० कँडेला ठरवलेली आहे. कँडेला म्हणजे साधारण एका मेणबत्तीची एका दिशेने दिसणारी तीव्रता. आकड्यांपेक्षा त्यांच्यातील अंतर महत्त्वाचे आहे, कारण मागच्या चालकाला संदेश मिळतो तो उजेडातून नव्हे, तर उजेडात अचानक झालेल्या वाढीतून. पाचऐवजी दहा वॅटचा बल्ब घालणारा मालक ही वाढ पुसून टाकतो, शिवाय छोट्या दिव्यातील उष्णतेने प्लास्टिकची काच वाकते ती वेगळीच.

एलईडी बल्ब हा आजचा लोकप्रिय मार्ग आहे आणि तो टाकाऊ नाही, मात्र निवडून घ्यावा लागतो. पांढऱ्या एलईडीचा उजेड मुळात निळ्या प्रकाशापासून बनवलेला असल्यामुळे त्यात लाल रंगाचा वाटा कमी असतो, आणि लाल काचेमागे तो फिकट गुलाबी किंवा निस्तेज दिसतो. लाल काचेमागे लाल एलईडीच हवा. तो केवळ समोर उजेड फेकणारा नसावा, त्याच्या बाजूंवरही दिवे असावेत, म्हणजे वाटी उजळेल. जीपसारख्या ज्या गाड्यांत त्याच दिव्याच्या खालच्या पांढऱ्या खिडकीतून नंबरप्लेटवर उजेड पडतो, तेथे लाल एलईडी लावला तर पाटीही लाल होते, जे नियमाला धरून नाही. अशा ठिकाणी पाटीसाठी वेगळा पांढरा दिवा द्यावा. एलईडीला धन-ऋण टोकांचे भान असते, त्यामुळे धन टोक अर्थ केलेल्या काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत साधा एलईडी जळणारच नाही, आणि इंडिकेटरला लावल्यास जुना फ्लॅशर कमी प्रवाहामुळे नीट उघडझाप करत नाही. त्याचा खरा फायदा ब्रेकला आहे: तारेचा बल्ब पूर्ण उजळायला सुमारे एक पंचमांश सेकंद घेतो, एलईडी तत्क्षणी पेटतो, आणि ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने येणारे वाहन तेवढ्या अवधीत साडेचार मीटर पुढे सरकलेले असते.

ज्या मालकाला मूळ दिव्यांना हात लावायचा नाही, त्याच्यासाठी तिसरा ब्रेक दिवा हा उत्तम पर्याय आहे. जॉन वोएवोडस्की या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील टॅक्सींवर मागच्या काचेखाली जादा ब्रेक दिवा लावून पाहिला, तेव्हा मागून होणाऱ्या धडका लक्षणीयरीत्या घटल्या, आणि १९८६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. पद्मिनी किंवा ॲम्बॅसिडरच्या मागच्या काचेच्या आत बसवलेली एलईडीची अरुंद पट्टी दिवसा नजरेलाही येत नाही आणि हवी तेव्हा काढून ठेवता येते. ज्याला सर्वत्र ‘रेडियम’ म्हणतात, पण ज्यात रेडियमचा अंशही नसतो आणि जी केवळ आलेला उजेड आल्या दिशेने परत पाठवते, ती लाल परावर्तक पट्टीही बंपरवर असावी. गाळप हंगामात वसमतच्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या, दिवाच नसलेल्या ट्रॉल्या अंधारातून अचानक समोर उभ्या राहतात तेव्हा या पट्टीचे मोल कळते. वीज पूर्ण गेली तरी चालणारे तेवढे एकच साधन आहे.

काम झाल्याची परीक्षा मात्र गॅरेजच्या उजेडात घेऊ नये. सूर्यास्तानंतर तासाभराने गाडी एखाद्या सरळ, निर्वेध शेतरस्त्यावर उभी करावी, इंजिन मंद चालू ठेवावे, आत एकाने बसावे आणि दुसऱ्याने दोनशे-सव्वादोनशे पावले मागे चालत जाऊन वळून पाहावे. १५५ मीटर म्हणजे जवळपास तेवढेच. तेथून दोन्ही दिवे सारख्याच लालीने दिसावेत, आतल्या माणसाने पेडल दाबताच ते ठळकपणे उसळावेत, इंडिकेटर लावला तरी त्यांची लाली हलू नये, आणि परत येताना शेवटची वीस पावले उरली असता नंबरप्लेटवरचे एमएच २२ स्पष्ट वाचता यावे.